चुकांची हजेरी

सकाळचे सव्वासहा वाजले होते आणि दहावीच्या वर्गात मी एकटी उरले होते.

वर्ग फोनवरचा. रोज त्यात पोरांचे चौदा काळे चौकोन दिसायचे, प्रत्येकावर एक नाव. त्या दिवशी एकही नव्हता. फोनवर फक्त मास्तर आणि मी. मास्तर माझ्याच अंगणात, माझ्याच भिंतीसमोर उभे होते आणि मी आत ओट्याशी. खिडकीतून हात बाहेर काढला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता. तरी त्यांनी फोनमध्ये बघून हजेरी सुरू केली. पहिलं नाव घेतलं आणि थांबले. माणसाला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढे थांबले. मग दुसरं नाव. असं चौदा वेळा. दीक्षाच्या नावाला जरा जास्त थांबले.

शेवटी म्हणाले, "आजी."

"हजर," मी म्हटलं.

"चूक सांगा."

चूक मला माहीत होती, त्यांना माहीत होती आणि न आलेल्या चौदा जणांनाही माहीत होती. आदल्या दिवशी मी त्या पोरांना तोंडावर सांगितलं होतं की दहावी नापास ते नापासच राहणार. आणि ती सगळी दहावी नापासच होती. वर्गच त्यांचा होता.

मास्तरांनी माझ्या उत्तराची वाट बघितली, वहीत नुसती तारीख लिहिली आणि फळ्याकडे वळून पूर्ण तास शिकवलं. वर्गसमीकरण. चौथी शिकलेल्या, एकाहत्तर वर्षांच्या बाईला. मला त्यातलं काही कळलं नाही, पण फोन बंद करायची हिंमत झाली नाही. मी माझ्या सासूसमोरही इतकी गप्प बसले नव्हते.

हा माणूस माझ्याकडे भाडेकरू म्हणून आला तेव्हा मला वाटलं होतं की निवृत्त मास्तर म्हणजे निरुपद्रवी प्राणी. भुईगावात आमची वाडी आहे. सोनचाफा, केळी, थोडं अळू, मागे बावखल, म्हणजे आमच्याकडे वाडीत पाण्याचं तळं असतं ते. नवरा गेला, मुलगा-सून विरारला असतात. पाण्याच्या मोटारीशेजारची खोली रिकामी होती. मास्तर म्हणाले, "मला हीच द्या."

मी विचारलं, "तुमच्या मुलाचा नायगावला चांगला मोठा फ्लॅट आहे ना? मग इथे कशाला?"

"चौदावा मजला आहे, मावशी. हवा आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे. पण फळा लावायला भिंत नाही. सगळ्या भिंतींना कपाटं आहेत."

मला वाटलं, गंमत करतायत. चार दिवसांनी मी वसईला लग्नाला गेले आणि संध्याकाळी परत आले तर घराची पूर्वेची भिंत काळी. आदल्या वर्षीच चुना दिलेली भिंत. मास्तर हातात ब्रश घेऊन उभे, आणि नाकावर काळा रंग.

"हे काय केलंत?"

"फळा," ते म्हणाले. "सकाळी या बाजूने उजेड चांगला येतो."

"मला विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

हे खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला. मी त्यांना महिन्याभरात खोली सोडायला सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पुढच्या महिन्यात पुन्हा सांगितलं. पुन्हा मान डोलावली. मान डोलावणं हे त्यांच्याकडे "ऐकलं" एवढ्यापुरतंच होतं, हे कळायला मला वर्ष लागलं.

अंगणात चिकूच्या झाडाला फोन बांधून ते सकाळी सव्वासहाला वर्ग घ्यायचे. गणितात नापास झालेल्या, मार्चला पुन्हा बसणाऱ्या पोरांचा. फुकट. एक नायगावच्या टॉवरमधला, एक मिठागरांच्या बाजूच्या गावातली, दोघं भाजीच्या टेम्पोवर जाणारे, दीक्षा वालीवची, असे सगळे पांगलेले. आठ वाजता प्रत्येकाला कुठे ना कुठे पोचायचं असायचं, म्हणून फोनवरचा वर्ग आणि एवढ्या सकाळी.

मास्तर इस्त्रीचा शर्ट, पट्टा आणि पॉलिश केलेले बूट घालून शिकवायचे. फोनमध्ये छातीखालचं काही दिसायचं नाही. मी म्हटलं, "लुंगीवर उभे राहा की, कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," ते म्हणाले.

पहिले काही दिवस मी मुद्दाम सव्वासहाला मोटार चालू करायचे. आमची मोटार सुरू झाली की दिवे मंद होतात, वायफायचा डबा बंद पडतो आणि आवाज असा की माणूस शेजारी उभा असला तरी ऐकू येत नाही. मास्तर आले, म्हणाले, "मावशी, मोटार साडेसातला लावता येईल का?"

"झाडं तुमच्या परीक्षेसाठी थांबणार नाहीत."

"बरं," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी पाच वाजता उठून त्यांनी बादलीने माझ्या सगळ्या केळींना पाणी घातलं. बूट घालून. तिसऱ्या दिवशीही घातलं. चौथ्या दिवशी मी मोटार साडेसातला लावली. मला त्यांची दया आली असं कोणी समजू नये. त्यांना आळं भरता येत नव्हतं, अर्धं पाणी वाटेत जात होतं.

त्यांची हजेरी वेगळी होती. "हजर सर" चालायचं नाही. नाव घेतलं की कालपासून काय चुकलं ते सांगायचं. गणितातलं असो, घरातलं असो. ते सगळं ते वहीत लिहायचे, आणि दिवसातली सगळ्यात चांगली चूक कोणाची ते ठरवायचे.

"सर, मी पानी भरायला गेल्ते आणि हंडा तिथंच राह्यला, हात हलवत घरी आले," ही मिठागराकडची योगिता.

"सर, मम्मीला बोललो क्लासला चाललोय आणि क्लास तर घरातच आहे," हा नायगावचा ओम.

"छान," मास्तर म्हणायचे, "आता यात नेमकं कुठे चुकलं ते सांग."

मी चाफ्याखालून हे ऐकायचे. सकाळी कळ्या काढाव्या लागतात, साडेसातला फुलांचा टेम्पो येतो. मला वाटायचं, ज्या पोरांचं सगळं चुकलेलंच आहे त्यांच्याकडून आणखी चुका कसल्या गोळा करतोय हा? एकदा विचारलं तर म्हणाले, "ही पोरं एकदा चुकली तर सगळ्या गावाला कळलं. आता चुकायच्या भीतीने तोंडच उघडत नाहीत. फोनवर तर गप्प बसायला फार सोपं. मला गप्प मूल शिकवता येत नाही. चुकीचं बोललेलं चालेल."

चांगल्या चुकीचं बक्षीस दोन वेलची केळी. ती मास्तर सायकलवरून स्वतः पोचवायचे, नायगावला, वालीवला, कुठेही. केळी माझी. हे मला घडातली एक फणी अर्धी दिसली तेव्हा कळलं. विचारल्यावर म्हणाले, "भाड्यात धरा." मी धरली. पण चोरी ती चोरी, म्हणून रोज घडावर लक्ष ठेवायला लागले, आणि घडावर लक्ष ठेवायचं म्हणजे वर्गाजवळ उभं राहावं लागायचं.

अशी मी त्यात सापडले.

एके दिवशी मास्तरांनी विचारलं, बाराला सव्वाने गुणलं तर किती? चौदा चौकोन गप्प. कोणीतरी कॅल्क्युलेटर शोधत असणार. मला राहवलं नाही. चाफ्यामागून ओरडले, "पंधरा!"

आमच्या वेळी चौथीपर्यंत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी सगळं पाठ असायचं. म्हणता आलं नाही की गुरुजी उभं करायचे. मास्तर वळले. म्हणाले, "साडेसातची दीडपट?"

"सव्वाअकरा."

फोनमधून आवाज आला, "सर, कोण आहेत त्या? कसल्या फास्ट आहेत!" तो ओम होता. मला एवढं बरं वाटलं की पदराला हात पुसत फोनसमोर जाऊन उभी राहिले. मास्तर म्हणाले, "उद्यापासून तुम्ही वर्गात या."

मला वाटलं, हुशार म्हणून बोलावलं. कोणालाही तसंच वाटलं असतं, पण मला जरा जास्तच वाटलं. दुसऱ्या दिवशी मी पहाटे वेणी घातली, जांभळं लुगडं नेसले, पावडर लावली. मुलाने दिलेला फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला. भजनी मंडळात सांगून टाकलं की मी दहावीला बसते. तिथल्या बायकांनी विचारलं, "पाचवी ते नववी कुठे गेली गं?" मी म्हटलं, "ते मला लागलं नाही."

मग एक्स आला.

मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, दोन एक्स अधिक सात बरोबर एकवीस. म्हणाले, एक्स किती? मी म्हटलं, एक्स म्हणजे काय? म्हणाले, एक संख्या. मी म्हटलं, मग संख्या लिहा ना. म्हणाले, ती माहीत नाही. मी म्हटलं, माहीत नाही तर लिहिली कशाला?

फोनमध्ये हसण्याचा गलका झाला. पोरं एकदम बोलायला लागली. "आजी, मी सांगतो." "आजी, त्याचं ऐकू नका, तो स्वतः नापास आहे." "तू काय पास आहेस काय?" मास्तर बाजूला सरकले आणि खडू खिशात ठेवला. तो माणूस शिकवताना खडू खिशात ठेवतो हे मी पहिल्यांदा बघितलं. तेव्हा काही कळलं नाही.

त्या गलक्यात एक चौकोन उजळला. कधी कॅमेरा न लावणारी दीक्षा दिसली. बारकी मुलगी, मागे पत्र्याची भिंत. तिने कुठून तरी एक टोपली आणली होती, वर फडकं.

"आजी, बघा. तुमची चाफ्याच्या कळ्यांची टोपली समजा. फडकं आहे, म्हणून आत किती ते दिसत नाही. पण आहेत ना आत?"

"आहेत."

"त्याला एक्स म्हणायचं. अशा दोन टोपल्या. दोन्हींत सारख्याच कळ्या. आणि बाहेर सात कळ्या. सगळ्या मिळून एकवीस. आता फडकं न काढता सांगा एका टोपलीत किती?"

मला नाही सांगता आलं. पण एक्स म्हणजे फडकं घातलेली टोपली, हे मला त्या दिवसापासून पक्कं झालं.

दीक्षाबद्दल मास्तरांनी मला सांगितलं होतं. तिची आई वालीवला एका गाळ्यात प्लास्टिकची झाकणं साफ करायचं काम करते. गणितात दीक्षाला नऊ मार्क पडले होते. आईने सांगून ठेवलं होतं की यंदा फॉर्म भरायचा तर भर, नाहीतर गाळ्यात माझ्याशेजारी बसायचं. एकदा बसली की सुटत नाही, हे दोघींना माहीत होतं. फॉर्मची मुदत यायला थोडे आठवडे होते आणि दीक्षाचं नक्की होत नव्हतं. तोपर्यंत वर्गात तिने तोंड उघडलं नव्हतं. हजेरीत चूक विचारली की म्हणायची, "काही नाही, सर."

आता ती रोज बोलायला लागली. मी चुकायचे आणि ती सांगायची. ओम मध्येच घुसायचा, ती त्याला गप्प करायची. "थांब ना रे, आजींना विचार करू दे." काळे चौकोन उजळायला लागले. टेम्पोवरचे दोघं टेम्पोतून वर्गाला यायला लागले. कोणी उशिरा आलं तर विचारायचं, "आजींचं झालं का? सुटलं का?" मला वाटायचं, माझ्या हुशारीमुळे वर्गात जान आली.

फक्त एक मला समजायचं नाही. दुपारी मी मास्तरांना विचारायचे, "ते सात तिकडे नेल्यावर काय होतं?" तर ते म्हणायचे, "उद्या वर्गात विचारा." रोज तेच. मी म्हणायचे, "मला चहाबरोबर सांगा की." ते चहा प्यायचे आणि चाफ्याला कीड लागली का विचारायचे.

एका सकाळी वर्गाच्या आधी ते केळी बांधत होते आणि वही माझ्या खिडकीत राहिली. या महिन्यात किती केळी गेली ते बघायला मी ती उघडली. केळ्यांचं काही लिहिलं नव्हतं. एकेका पोराचं पान होतं. ओमच्या पानावर, घाई करतो, कोणीतरी थांबवणारं हवं. दीक्षाच्या पानावर लिहिलं होतं: "आजींना समजावताना बोलते. समजावताना तिला स्वतःला कळतं. आजी चुकल्या नाहीत तर ती पुन्हा गप्प होईल. आजींना वर्गाबाहेर काही सांगू नये. त्या ढ राहायला हव्यात."

मी दोनदा वाचलं. मास्तरांचं अक्षर फार स्वच्छ होतं, चुकीचं वाचायला जागा नव्हती.

म्हणजे जांभळं लुगडं, वेणी, पावडर, सगळं यासाठी. वर्गात एक ढ लागतो आणि ती जागा मी भरत होते. भजनी मंडळाला हे कळलं असतं तर त्यांनी टाळ वाजवले असते.

मी वही खिडकीत परत ठेवली आणि ओट्याशी बसले. वर्ग सुरू झाला. दीक्षा नेहमीसारखी म्हणाली, "आजी, काल अर्धं राहिलं होतं, तिथून घेऊ या." आणि तिने टोपली पुढे केली.

मी म्हटलं, "राहू दे. ऐका रे सगळे. या मास्तरने मला वर्गात ढ म्हणून ठेवलंय. आणि तुम्हाला माझी केळी घालून बसवतो. पुरे झालं हे नाटक."

"मावशी," बाहेरून मास्तरांचा आवाज आला. फोनमधूनही आला.

"आजी, पण माझं थोडंच राहिलंय सांगायचं," दीक्षा म्हणाली.

"तू सांगून मला येणार नाही आणि मी ऐकून तू पास होणार नाहीस. नऊ मार्कांची तू, मला काय शिकवणार? दहावी नापास ते नापासच राहणार. मास्तरने काही केलं तरी."

आधी दीक्षाचा चौकोन गेला. मग एकेक. प्रत्येक जण जाताना फोन टुक असा आवाज करतो. मी चौदा वेळा ऐकला.

मास्तर रागावतील म्हणून मी वाट बघत होते. उत्तरं तयार ठेवली होती, चांगली होती, सगळी वाया गेली. त्यांनी झाडावरचा फोन सोडला, बूट पुसले, सायकल काढली आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी एकटीच होते ते वर सांगितलंच.

तिसऱ्या दिवशी ओम आला. पहिलंच वाक्य, "आजी, गुड मॉर्निंग. तुम्ही तर माझ्या मम्मीपेक्षा कमीच बोललात. टेन्शन नका घेऊ." योगिता आली. मास्तर घरोघर जाऊन आले होते. चार-पाच दिवसांत नऊ जण परत आले. दीक्षा नाही. तिचा फोन बंद. मास्तर वालीवला दोनदा जाऊन आले. आईने सांगितलं, पोरगीच नको म्हणते, सोमवारपासून गाळ्यात बसते. फॉर्मला चार दिवस उरले होते.

मी विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"सगळं सांगितलं. मान खाली घालून ऐकलं तिने. मावशी, मी आयुष्यभर लाल पेन वापरलंय. माझ्यासारख्याने हुशार म्हटलं तर तिला समजूत काढल्यासारखं वाटतं."

"मग मी जाऊ?"

त्यांनी मान डोलावली.

भुईगावाहून वसई स्टेशनपर्यंत बस, मग पूल ओलांडून पूर्वेला आणि तिथून शेअर रिक्षा. माफी मागावी असं सगळ्यांना वाटलं असतं, पण ते मला येत नाही. लग्नाला पन्नास वर्षं झाली होती तेव्हा नवरा म्हणाला होता, एकदा तरी माग, हौस म्हणून. तेव्हाही जमलं नाही. म्हणून मी वेगळं ठरवलं. ते टोपल्यांचं गणित तिच्यासमोर बरोबर सोडवून दाखवायचं. म्हणजे मला तिने शिकवलं हे तिला दिसेल आणि मग ती आपोआप उठेल. बसमध्ये मी ते चार वेळा मनात केलं. चारही वेळा उत्तर आलं.

गाळ्यात आठ-दहा बायका फरशीवर बसल्या होत्या, मध्ये झाकणांचा ढीग. हातात पाती, झाकणाची कड तासायची आणि मागे टाकायचं. दीक्षा आईशेजारी होती. तिने मला बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. बोटाला चिंधी बांधली होती.

मी म्हटलं, "मी मास्तरांच्या वर्गातली आजी."

"ओळखलं आवाजावरून," दीक्षाची आई म्हणाली. हात थांबवला नाही. "बसा की. तुमच्याच तोंडचं ऐकून आली ती. माझं बरंच झालं, दोन हात वाढले."

"फॉर्म भरायचाय तिचा."

"तुम्हीच म्हणालात ना नापास ते नापासच?"

"म्हणाले."

"मग?"

मी खाली बसले, पिशवीतून वही काढली आणि म्हटलं, "दीक्षा, बघ, मला ते आलं." आणि लिहायला लागले. दोन एक्स अधिक सात बरोबर एकवीस. सात तिकडे नेले. एकवीस आणि सात अठ्ठावीस. दोन एक्स अठ्ठावीस. एक्स चौदा. खाली रेघ मारली, दोन वेळा मारली, आणि वही तिच्यासमोर धरली.

दीक्षाने बघितलं. मान वळवली. झाकण घेतलं, तासलं, टाकलं. पुन्हा वहीकडे बघितलं. शेजारच्या बाईने विचारलं, "बरोबर आहे का गं?"

"नाही," दीक्षा म्हणाली.

"कसं नाही?" मी म्हटलं. मला खरंच राग आला. "चार वेळा केलंय मी."

"आजी, एका टोपलीत चौदा ना? मग दोन टोपल्यांत अठ्ठावीस. बाहेर सात. पस्तीस झाल्या. पण सगळ्या मिळून एकवीसच होत्या. बाकीच्या चौदा कुठून आणल्या? शेजारच्या वाडीतून चोरल्या?"

बायका हसल्या. मागून सुपरवायझर ओरडला, "ए आजी, इधर क्या चालू है?" दीक्षाच्या आईने त्याला म्हटलं, "दो मिनिट, सेठ, हिसाब चल रहा है."

दीक्षाने पातं खाली ठेवलं. सात झाकणं उचलून बाजूला मांडली. "ही बाहेरची सात. ही आधी काढून टाका. तिकडे नेलं की वजा होतं, आजी, किती वेळा सांगितलं तुम्हाला! आता राहिली किती?"

"चौदा."

"दोन टोपल्यांत वाटा."

"सात."

"मग?"

"मग सातच," मी म्हटलं. "बसमध्ये मी काय करत होते कोणास ठाऊक."

सगळ्यांना वाटतं मी मुद्दाम चुकले. भजनी मंडळात मीही तसंच सांगते. दीक्षाच्या आईलाही तसंच वाटलं, तिने जाताना माझा हात धरला होता. पण मी मुद्दाम चुकले नाही. मी शहाणपणा दाखवायला गेले होते आणि तो मला आला नाही. आला असता तर दीक्षा बहुतेक तशीच मान खाली घालून बसली असती आणि मी खुशीत घरी आले असते.

आईने ती सात झाकणं पुन्हा ढिगात टाकली. मग म्हणाली, "फॉर्म भरते. पण वर्ग झाला की आठला इथं. हात नकोत थांबायला. आणि या बारीला नापास झाली तर पुन्हा कोणी यायचं नाही."

"नाही येणार," मी म्हटलं.

"आणि तुम्ही?" दीक्षाने मला विचारलं. "तुम्ही येणार का वर्गात?"

मी म्हटलं, "ढ लागतेच ना एक."

घरी आले तेव्हा मास्तर अंगणात फळा पुसत होते. मी सगळं सांगितलं, चुकलेल्या गणितासकट. त्यांनी वही काढली आणि माझं पान उघडलं. माझंही पान होतं. त्यावर मी चूक सांगितली नव्हती त्या दिवसाची जागा मोकळी होती, तिथे त्यांनी आता लिहिलं. मग माझ्याच घडातली दोन केळी तोडून माझ्या हातात दिली, आणि खोलीत जाऊन दार लावलं.

त्यानंतर फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत वर्ग चालला. मला परीक्षेला बसता येत नव्हतं, चौथीच झालेली, नियमात नाही. मी नुसती चुकायचे. पण एका सकाळी एक्स आणि वाय दोन्ही आलेलं गणित माझं पहिल्या फटक्यात सुटलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांचा चेहरा पडला. मला म्हणाले, "मावशी, आता तुमचा काही उपयोग नाही." मी त्यांना तिसऱ्यांदा खोली सोडायला सांगितलं, आणि या वेळी त्यांनी खरंच सोडली. मे महिन्यात. बोईसरला त्यांची बहीण एकटी असते. तिच्या घराला मोठं अंगण आहे म्हणाले. भिंतीचं मी त्या बहिणीला कळवलं नाही, बिचारीला आधी कळून काय उपयोग.

जूनमध्ये त्यांचा फोन आला. निकाल सांगितला. सहा जण पास. दीक्षाला त्रेचाळीस मार्क, गाळा सोडून अकरावीला नाव घातलं. योगिता पास. ओम चार मार्कांनी राहिला, त्याला पुन्हा बसायचंय.

वर्ग सुरू झाला तेव्हा चौदा पोरं होती. त्यातली शेवटच्या दिवसापर्यंत टिकली ती दहा, आणि मी.